झाडणारा रोबो आणि राखणारा अलार्म

पूर्वीच्या वाड्यांत झाडलोट करणारी बाई पहांटे आली, तर देवडीवरचा पहारेकरी तिला पाहून ओरडत नसे. तो तिला ओळखीत असे. तिच्या येण्याची वेळ त्याला ठाऊक असे. आणि तिच्या पावलांचा आवाज कोणता व परक्याच्या पावलांचा कोणता, हें त्याला अर्धवट झोपेंतही कळत असे. आतां कित्येक घरांत हीं दोन्ही कामें यंत्रांकडे आलीं आहेत. ताटलीसारखा वाटोळा रोबो जमिनीवर फिरून धूळ ओढून घेतो, आणि भिंतीवर बसविलेला अलार्म घर राखतो. परंतु हीं दोन यंत्रें एकमेकांस ओळखीत नाहींत. घरांत कोणी नसतां झाडणारें यंत्र चालूं लागलें, तर राखणारें यंत्र त्यालाच चोर समजून ओरड करील कीं काय, असा प्रश्न त्यामुळें उभा राहतो.

हा प्रश्न आतां केवळ परदेशाचा राहिलेला नाहीं. पुण्यामुंबईच्या सदनिकांत असे रोबो दिसूं लागले आहेत. आणि आमच्या ज्या विद्यार्थ्यांचे काका-मामा अमेरिकेंत किंवा इंग्लंडांत आहेत, त्यांना तर हीं दोन्ही यंत्रें एकाच छपराखालीं पाहावयास मिळत असतील. म्हणून हीं यंत्रें कशीं चालतात, त्यांचें आपसांत कोठें बिनसतें, आणि तें मिटविण्याचा योग्य मार्ग कोणता, हें या लेखांत थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहूं. राखणारें यंत्र वयानें पुष्कळच वडील आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यांतील ऑगस्टस रसेल पोप या गृहस्थांस ता. २१ जून १८५३ रोजीं विजेच्या घंटेचें पेटंट मिळालें. दार किंवा खिडकी उघडतांच विजेचें मंडल पुरें व्हावें आणि घंटा वाजावी, अशी त्यांची योजना होती. १८५७ सालीं एडविन होम्स यांनीं तिचे हक्क विकत घेतले आणि अशा घंटा लोकांच्या घरीं बसविण्याचा धंदा सुरू केला. झाडणाऱ्या यंत्राची कथा याहून अलीकडची आहे. इंग्लंडांत ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनीं १९०१ सालीं हवेबरोबर धूळ ओढून घेणारें यंत्र तयार केलें. तें इतकें अवजड होतें कीं घोडागाडीवरून आणून रस्त्यांतच उभें करीत, आणि त्याच्या लांब नळ्या खिडक्यांतून घरांत सोडीत. पुढें शंभर वर्षांनीं, म्हणजे २००१ सालीं, स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीनें माणसाच्या हातावांचून फिरणारें ट्रायलोबाइट नांवाचें यंत्र विक्रीस काढलें; आणि २००२ सालीं अमेरिकेच्या आयरोबॉट कंपनीनें रूम्बा बाजारांत आणला. पहिला रूम्बा भिंतीला अडखळत, वळत, पुनः अडखळत खोलीभर फिरे. हल्लींचे पुष्कळसे रोबो लेसर किरणांच्या किंवा कॅमेऱ्याच्या साह्यानें घराचा नकाशा तयार करतात आणि शेतकरी तास धरून नांगरतो त्याप्रमाणें ओळीनें झाडतात.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. अलार्म चोराला कसा ओळखतो, असें विचारलें तर खरें उत्तर हें कीं, तो चोराला ओळखीतच नाहीं. त्याला चोर ठाऊक नाहीं, धनी ठाऊक नाहीं, मांजर ठाऊक नाहीं आणि रोबोही ठाऊक नाहीं. त्याला कळतो तो फक्त बदल. दार मिटलेलें होतें तें उघडलें. खोलींतील उष्णता एका जागीं होती ती सरकली. शांतता होती ती कांच फुटण्याच्या आवाजानें भंगली. हा बदल टिपणाऱ्या लहान उपकरणास सेन्सर म्हणतात. सेन्सरांच्या जाती निरनिराळ्या आहेत, आणि रोबोशीं प्रत्येकाचें नातें वेगळें आहे. म्हणून “रोबोमुळें अलार्म वाजतो काय?” या प्रश्नाला एका शब्दांत उत्तर देतां येत नाहीं. तुमच्या भिंतीवर कोणता सेन्सर आहे, हें आधीं पाहावें लागतें.

दारांना आणि खिडक्यांना जो सेन्सर लावतात, तो सर्वांत सोपा. त्याचे दोन तुकडे असतात. चौकटीवर बसविलेल्या तुकड्यांत कांचेची एक बारीक बंद नळी असून तींत लोखंडी धातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात. दाराच्या फळीवर जो दुसरा तुकडा असतो, त्यांत चुंबक असतो. दार लावलेलें असतां चुंबक जवळ येतो, पट्ट्या एकमेकींस चिकटतात आणि वीज वाहूं लागते. दार उघडलें कीं चुंबक दूर जातो, पट्ट्या सुटतात आणि अलार्मला वर्दी पोंचते. पोप साहेबांच्या योजनेशीं याचें साम्य वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. रोबोचा या सेन्सराशीं एरव्हीं कांहीं संबंध येत नाहीं. मात्र दार कडी न लावतां नुसतें लोटून ठेवलें असेल, तर रोबो त्याला धक्का देऊन उघडूं शकतो; आणि मग अलार्म वाजला तर त्यांत अलार्मचा कांहीं अपराध नाहीं.

खोलीच्या कोपऱ्यांत, माणसाच्या डोक्याहून उंच जागीं, जी पांढरी लहानशी डबी दिसते ती दुसऱ्या जातीची. तिच्या तोंडाशीं दुधी रंगाचें, रेघारेघांचें भिंग असतें. प्रत्येक उबदार वस्तूंतून डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण बाहेर पडत असतात. दिसणाऱ्या तांबड्या प्रकाशाची लहर सुमारें ०.७ मायक्रोमीटर लांब असते, तर मनुष्याच्या अंगांतून निघणाऱ्या किरणांचा जोर ९ ते १० मायक्रोमीटरच्या आसपास असतो. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डबीच्या आंत एका विशिष्ट द्रव्याच्या दोन चकत्या असतात. उष्णता कमीजास्त झाली कीं त्यांच्यांत किंचित् वीज उत्पन्न होते. या चकत्या उलटसुलट जोडलेल्या असल्यामुळें दोघींवर सारखाच परिणाम झाला, तर एकीची वीज दुसरीच्या विजेला मारते. दिवस चढतांना सगळी खोली हळूहळू तापते, तरी अलार्म वाजत नाहीं, तो याच कारणानें. भिंगामुळें खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे अनेक पट्टे पडतात. माणूस चालत गेला कीं त्याची ऊब एका पट्ट्यांतून दुसऱ्यांत जाते, आधीं एक चकती व मग दुसरी जागी होते, आणि सेन्सराला हालचाल कळते. हें उपकरण स्वतः कांहींच बाहेर टाकीत नाहीं. तें फक्त पाहतें. साध्या कांचेंतून हे किरण पार जात नाहींत, म्हणून खिडकीबाहेरून जाणारा शेजारी त्याला दिसत नाहीं.

या सेन्सरापुढून रोबो बहुधा बिनबोभाट निघून जातो. त्याचीं कारणें सरळ आहेत. रोबोची उंची साधारण ८ ते १० सेंटिमीटर आणि रुंदी ३० ते ३५ सेंटिमीटर; म्हणजे माणसाच्या मानानें तो अगदींच लहान. त्याच्या पोटांत मोटार व बॅटरी तापतात खऱ्या, परंतु वरचें प्लॅस्टिकचें कवच खोलीच्या उष्णतेहून फारसें निराळें नसतें. शिवाय तो सतत जमिनीला चिकटून चालतो, तर सेन्सर दोन ते अडीच मीटर उंचीवर असतो. ज्या घरांत कुत्रीं-मांजरें आहेत, तेथें बसविण्यासाठीं कारखानदार मुद्दाम असे सेन्सर करतात कीं ते खालच्या भागांतील लहान ऊब मोजीत नाहींत; कांहीं सेन्सर सुमारें १८ किलोपर्यंतच्या आणि कांहीं सुमारें ३६ किलोपर्यंतच्या जनावरास सोडून देतात. असा सेन्सर कुत्र्याला सोडतो, तेव्हां रोबोला तो पकडील असा संभव थोडाच.

परंतु “बहुधा” या शब्दाकडे दुर्लक्ष करूं नये. सेन्सर कमरेइतक्याच उंचीवर बसविला असेल, किंवा रोबो त्याच्या अगदीं जवळून जात असेल, तर लहान वस्तूही त्याला मोठी भासते. रोबो वरच्या मजल्यावर फिरत असून सेन्सर जिन्याच्या तळाशीं वर तोंड करून बसविला असेल, तर जमिनीवरचा रोबो त्याच्या नजरेच्या ऐन मध्यावर येतो. पुष्कळ वेळां तर रोबो स्वतः सांपडत नाहीं. त्यानें केलेली उलथापालथ सांपडते. तो पडद्याची कड ओढतो, आणि पडदा हलल्यानें उन्हाचा तापलेला पट्टा जमिनीवर पुढेंमागें सरकतो. तो पायांशीं आला म्हणून घाबरलेलें मांजर उडी मारून कपाटावर चढतें, आणि खालीं असतांना ज्याला सेन्सरानें सोडलें असतें, त्यालाच तो वर धरतो.

आपल्याकडील उन्हाळ्यांत आणखी एक गोष्ट घडते. मनुष्याच्या त्वचेची उष्णता साधारण ३३ ते ३४ अंश असते. नागपुरास मे महिन्यांत बाहेर पारा ४५ अंशांजवळ जातो, तेव्हां बंद घरांतील हवा व भिंती सहज ३५ अंशांच्या वर जातात. अशा वेळीं माणूस व भिंत यांच्या उष्णतेंत भेदच उरत नाहीं, आणि ज्या भेदावर सेन्सर जगतो तो नाहींसा झाल्यानें त्याची नजर मंद होते. ही उणीव भरून काढण्यासाठीं चांगले सेन्सर हवा तापली कीं आपली तीक्ष्णता आपोआप वाढवितात. मग ते बारीक फरकही टिपूं लागतात. थंडींत ज्या घरांत रोबो आणि अलार्म सुखानें नांदले, तेथें उन्हाळ्यांतही तसेंच होईल असें गृहीत धरूं नये. दोन्ही ऋतूंत परीक्षा घ्यावी.

तिसरी जात सूक्ष्म लहरी सोडणाऱ्या सेन्सरांची. हे सेन्सर नुसते पाहत नाहींत. रेडिओच्या जातीच्या आखूड लहरी खोलींत सोडतात आणि परत आलेल्या लहरी ऐकतात. आगगाडी आपल्याकडे येत असतां तिच्या शिटीचा सूर चढा लागतो व दूर जातांना उतरतो, हें मुलांनीं अनुभविलें असेल. त्याच नियमानें हलत्या वस्तूवरून परतलेल्या लहरींत फरक पडतो. येथें उबेचा प्रश्नच नसतो. थंडगार वस्तूही हलली तर ती धरली जाते. शिवाय या लहरी लांकडाच्या व इतर पातळ भिंतींतून पलीकडे जातात. म्हणून रोबो शेजारच्या खोलींत असला तरी अशा सेन्सराला त्याची चाहूल लागूं शकते. या कारणानें हल्लीं पुष्कळ ठिकाणीं उष्णतेचा व लहरींचा असे दोन सेन्सर एकाच डबींत घालतात, आणि दोघांचीही साक्ष जुळली तरच वर्दी देतात. दोन साक्षीदारांचा हा नियम रोबो पाळणाऱ्या घराला फार सोयीचा आहे.

कांच फुटल्याचा आवाज ओळखणारा सेन्सर ही चौथी जात. कांचेवर घाव बसतांना आधीं खोल, जड आवाज होतो व लगेच तुकडे उडाल्याचा उंच, किणकिणणारा आवाज होतो. ही जोडी ऐकूं आली म्हणजे तो वर्दी देतो. रोबोच्या घरघरीनें तो फसत नाहीं. पण रोबोनें तिपाईला धक्का देऊन फुलदाणी पाडली, तर फसूं शकतो. पांचवी जात कॅमेऱ्याची. साधा कॅमेरा चित्रांत कांहींही बदललें कीं धन्याच्या मोबाईलवर निरोप पाठवितो. त्याच्यापुढें रोबो फिरला तर निरोपांचा पाऊस पडतो. मनुष्याकृति ओळखूं शकणारा कॅमेरा असेल आणि त्यांतील ती सोय चालू केलेली असेल, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, एकदोनदां घंटा उगीच वाजली तर बिघडलें कोठें? यावर उत्तर म्हणून अमेरिकेंत घडलेली एक गोष्ट सांगतों. २०१९ सालच्या एप्रिल महिन्यांत ऑरेगन राज्यांतील वॉशिंग्टन काउंटींत एका घरांतून पोलिसांना फोन आला कीं, स्नानगृहांत कोणीतरी शिरलें आहे व दाराच्या फटींतून त्याची सावली हलतांना दिसते. पोलीस शिपाई धांवत आले, कुत्रें आणलें, घराला वेढा पडला, आंतील इसमाला बाहेर येण्याविषयीं बजावण्यांत आलें. कोणी बाहेर येईना. अखेर हातांत पिस्तुलें घेऊन त्यांनीं दार उघडलें, तों आंत एक रूम्बा मन लावून फरशी झाडीत होता. ही गोष्ट ऐकून जगभर लोक हसले, आणि हसण्यासारखी ती आहेच. परंतु भरलेलीं पिस्तुलें घेऊन आलेल्या शिपायांपुढें त्या क्षणीं रोबोऐवजीं घरचें एखादें मूल दार उघडून आलें असतें तर काय झालें असतें, हा विचार मनांत आला म्हणजे हसूं मावळतें. या प्रसंगीं यंत्रानें नव्हे, माणसानेंच वर्दी दिली होती. डोळे असलेला माणूस जर सावलीनें फसतो, तर भिंतीवरची डबी कधीं फसणारच नाहीं असें कसें म्हणावें?

दुसरा परिणाम याहून हळू होतो, पण अधिक खोल जातो. अमेरिकेंत पोलिसांकडे येणाऱ्या अलार्मच्या वर्द्यांपैकीं शंभरांत ९० हून अधिक खोट्या निघतात, असें तेथील सरकारी पाहणींत पूर्वींच दिसून आलें आहे. कोणाचें दार वाऱ्यानें उघडलेलें असतें, कोणी धनी आपलाच आंकडा विसरलेला असतो, कोणाचें मांजर फिरलेलें असतें. युटा राज्यांतील सॉल्ट लेक सिटी या शहरानें २००० सालीं असा नियम केला कीं, नुसता अलार्म वाजला म्हणून पोलीस येणार नाहींत. प्रथम कोणीतरी प्रत्यक्ष किंवा अन्य रीतीनें खात्री करून घेतली पाहिजे. त्यानंतर तेथील पोलिसांचे असे खेपे सुमारें नव्वद टक्क्यांनीं घटले. नियम शहाणपणाचा असेल. परंतु त्याचा अर्थ असाही होतो कीं, पुष्कळांच्या खोट्या घंटांमुळें एखाद्याच्या खऱ्या घंटेलाही मदत उशिरां मिळण्याची वेळ आली. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण लहानपणीं ऐकतों. या शहरानें ती कायद्याच्या पुस्तकांत घातली, एवढाच फरक.

आपल्याकडे घरगुती अलार्मची वर्दी बहुधा पोलिसांकडे न जातां धन्याच्या मोबाईलवर किंवा सोसायटीच्या पहारेकऱ्याकडे जाते. म्हणून आपल्याकडे गांव थकण्यापूर्वीं धनी स्वतःच थकतो. कचेरींत बसला असतां दुपारीं दोनदां निरोप आला. दोन्ही वेळां रोबोच निघाला. तिसऱ्या दिवशीं तो निरोप न पाहतांच पुसून टाकतो. चौथ्या दिवशीं निरोपांचा आवाज बंद करतो. पुढें केव्हां तरी तो बैठकीच्या खोलींतील सेन्सर कायमचा बंद करतो किंवा त्याच्या भिंगावर चिकटपट्टी लावतो. ती पट्टी रोबोला लपवितेच, पण चोरालाही लपविते. अशा घरांत अलार्म भिंतीवर दिसतो, त्याचा दिवा लुकलुकतो, घरच्या माणसांना आपण सुरक्षित आहों असें वाटतें, आणि प्रत्यक्षांत पहारा उठलेला असतो. ज्या घरांत अलार्मच नाहीं, तेथें माणसें निदान कुलूप दोनदां ओढून पाहतात.

म्हणून आमचें सांगणें असें कीं, झाडणाऱ्याच्या सोयीसाठीं राखणाऱ्याला आंधळें करूं नये; झाडणाऱ्याला शिस्त लावावी. एक दिवस धूळ राहिली तर दुसऱ्या दिवशीं निघते. चोरीस गेलेली वस्तु तशी परत येत नाहीं, आणि घरांत एकट्या असलेल्या म्हाताऱ्या आजीला बसलेला धसका तर त्याहून जात नाहीं.

ही शिस्त लावण्याचे उपाय अवघड नाहींत. पहिला उपाय परीक्षेचा. पुष्कळ अलार्मांत परीक्षेची एक विशेष रीत असते. तींत भोंगा न वाजतां कोणता सेन्सर केव्हां जागा झाला हें नुसतें दिसतें. सुटीच्या दिवशीं सर्वांनीं घरांत एका बाजूस बसून, ती रीत चालू करून, रोबोला सगळ्या खोल्यांतून एकदां फिरूं द्यावें. अलार्म एखाद्या देखरेख करणाऱ्या कंपनीला जोडलेला असेल, तर तिला अगोदर कळवावें. एका तासांत जें कळतें तें महिनाभर तर्क करूनही कळत नाहीं. त्याच बैठकींत घरांतील एखाद्या मोठ्या माणसानें खोलींतून चालत जाऊनही पाहावें. कारण सेन्सर रोबोला सोडतो एवढ्यानें भागत नाहीं, माणसाला तो धरतो कीं नाहीं हेंही पाहिलें पाहिजे.

दुसरा उपाय वेळेचा. अलार्म लावण्याच्या साधारण दोन रीती असतात. एकींत घरांतील व बाहेरचे सर्व सेन्सर जागे असतात. ती आपण बाहेर जातांना लावतों. दुसरींत फक्त दारें-खिडक्यांचे सेन्सर जागे असतात व आंतील हालचालींचे झोपलेले असतात. ती आपण घरांत असतां लावतों. रोबोचें काम दुसऱ्या रीतीच्या वेळांतच उरकलें, म्हणजे सकाळीं माणसें घरांत वावरत असतांना झाडून झालें, तर तंट्याचें मूळच जातें. रात्रीं झोपतांना खालच्या मजल्यावरील हालचालींचे सेन्सर जागे ठेवण्याची कित्येक घरांत चाल असते. तेथें रोबोला रात्रीची वेळ लावून देऊं नये.

तिसरा उपाय जागेचा. घर रिकामें असतांनाच झाडून घ्यावयाचें असेल, तर ज्या खोलींत हालचालीचा सेन्सर नाहीं अशा खोल्या रोबोला द्याव्या आणि मधलें दार घट्ट लावून घ्यावें. नकाशा काढणाऱ्या रोबोला अमुक रेषेपलीकडे जाऊं नये असें मोबाईलवरून सांगतां येतें. पडदे वर बांधावे, हलक्या तिपाया व फुलदाण्या वाटेंतून काढाव्या, जमिनीवरच्या वायरी गुंडाळून ठेवाव्या. ज्या खोलींत सेन्सर आहे तेथेंच रोबोनें फिरणें भाग असेल, तर तो सेन्सर जनावरांना सोडणारा असावा, योग्य उंचीवर असावा, आणि बसविणाऱ्या कारागिराला घरांत रोबो आहे हें अगोदर सांगितलेलें असावें. सेन्सराची तीक्ष्णता आपणच अंदाजानें कमी करीत जाणें हा उपाय नव्हे. ती कोठवर कमी केली असतां माणूसही निसटतो, हें डोळ्यांना दिसत नाहीं.

आतां आणखी एका गोष्टीकडे पालकांचें लक्ष वेधणें अवश्य आहे. आतांपर्यंत आपण रोबोला निरुपद्रवी चाकर धरून चाललों. परंतु कित्येक रोबोंना आतां कॅमेरा व मायक्रोफोन असतो आणि ते इंटरनेटशीं जोडलेले असतात. २०२२ सालच्या डिसेंबर महिन्यांत एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या नियतकालिकानें उजेडांत आणलें कीं, २०२० सालीं परीक्षणासाठीं दिलेल्या रूम्बा रोबोंनीं घरांच्या आंत घेतलेलीं चित्रें, त्यांत स्नानगृहांतील एका स्त्रीचेंही चित्र, परदेशांतील कामगारांच्या हातून समाजमाध्यमांवर गेलीं. हे रोबो दुकानांतील नसून परीक्षणासाठीं तयार केलेले होते व ते वापरणाऱ्यांनीं संमति दिली होती, असा खुलासा कंपनीनें केला. पुढें २०२४ सालीं अमेरिकेंतील कांहीं शहरांत इकोव्हॅक्स कंपनीच्या रोबोंवर दुसऱ्यांनीं दुरून ताबा मिळविला आणि त्यांच्या ध्वनियंत्रांतून घरच्या माणसांना शिव्या ऐकविल्या. जे दारांतून आले नाहींत, ज्यांनीं खिडकी फोडली नाहीं, त्यांना भिंतीवरचा कोणताही सेन्सर धरूं शकला नसता.

याचा अर्थ रोबो घेऊंच नये असा नाहीं. बाई कामावर ठेवतांना आपण तिची चौकशी करतों. तशीच चौकशी येथेंही करावी. कॅमेऱ्यावांचून, केवळ लेसरानें वाट काढणारे रोबो मिळतात. साध्या घराला ते पुरतात. कॅमेऱ्याचा रोबो असेल तर त्याला निजण्याच्या व स्नानाच्या खोल्या वर्ज्य कराव्या. कारखान्याकडून येणाऱ्या सुधारणा वेळच्या वेळीं बसवून घ्याव्या. रोबोचा पासवर्ड आणि अलार्मचा पासवर्ड एकच कधींही ठेवूं नये. झाडूवालीच्या हातीं तिजोरीची किल्ली देण्यासारखें तें आहे. घरांतील वायफायवर पाहुण्यांसाठीं वेगळी वाट काढतां येते. रोबोला त्या वाटेवर ठेवावें, म्हणजे त्याच्यांत कोणी शिरलें तरी अलार्मपर्यंत व घरच्या कागदपत्रांपर्यंत सहज पोंचणार नाहीं.

विद्यार्थ्यांना आमची एक सूचना आहे. या लेखांतील गोष्टी वाचून सोडूं नका. ज्यांच्या घरीं अलार्म असेल, त्यांनीं वडिलांच्या परवानगीनें घरांत कोणकोणत्या जातीचे सेन्सर आहेत, ते किती उंचीवर आहेत, व कोणती जागा त्यांच्या नजरेबाहेर राहते, याचा एक नकाशा वहींत काढावा. ज्यांच्या घरीं अलार्म नसेल, त्यांनीं दुकानाच्या किंवा बँकेच्या दारांत आपोआप लागणारे दिवे व उघडणारीं दारें पाहावीं. त्यांपैकीं पुष्कळांत हेच नियम चालतात. जिन्यांत आपोआप लागणारा दिवा असेल, तर त्याच्यापुढें अगदीं निश्चल उभें राहून पाहावें. थोड्या वेळानें दिवा विझेल, आणि यंत्राला माणूस दिसत नसून फक्त त्याची हालचाल दिसते, हें पुस्तकावांचून समजेल.

पालकांना विनंति इतकीच कीं, रोबो विकत आणण्यापूर्वीं घरांतील अलार्मचा विचार करावा, आणि अलार्म बसवितांना रोबोचा. दोन्ही यंत्रें आपापलें काम चोख करतात. दोघांची गांठ घालून देण्याचें काम मात्र त्यांच्यापैकीं एकालाही येत नाहीं. वाड्यांतल्या पहारेकऱ्याला झाडणाऱ्या बाईची ओळख पहिल्या दिवशीं कोणीतरी करून दिलीच होती. तेवढे श्रम आपणही घेतले, तर घर स्वच्छ राहील, आणि ज्या रात्रीं घंटा खरोखर वाजेल त्या रात्रीं तिच्यावर विश्वास ठेवून उठणारें माणूस घरांत असेल.